आजार लपवून गुलाम विकला तर कोर्टात काय व्हायचं?

वकिलीची_वाट: मालातला छुपा दोष हा टॉपिक परीक्षेला आहे म्हणून वाचत होते, वाचता वाचता अमेरिकेतल्या लुईझियानाच्या जुन्या केसेसवर पोचले आणि रात्री झोप लागेना. माणूस विकत घ्यायचा, आजारी निघाला की विकणाऱ्यावर दावा लावून पैसे परत मागायचे. हे इतकं सर्रास चालायचं का? आणि जो आजारी आहे त्याचं कोण ऐकायचं?

जुनी_पानं: सर्रास. न्यू ऑर्लिन्सचा गुलामबाजार तिथला सगळ्यात मोठा. तिथल्या 1825 च्या सिव्हिल कोडमधे कुष्ठरोग, वेड आणि फिट्स हे तीन आजार नाव घेऊन 'दोष' म्हणून लिहिलेत. विक्रीनंतर 3 दिवसात आजार दिसला तर तो आधीपासून होता असंच धरायचे, बाहेरच्या राज्यातून नवीन आणलेल्यांसाठी 1834 मधे त्याचे 15 दिवस केले. व्यापारी पिकलेले केस रंगवायचे, अंगाला तेल चोळून माणसं उभी करायचे, मग गिऱ्हाईकाला कळणार कसं. हा कायदा गिऱ्हाईकासाठी होता, आजाऱ्यासाठी नाही.

सावली७७: 1835 ची केटची केस वाच. 500 डॉलरला विकलेली बाई, घेणारा म्हणाला वेडी आहे, विकणारा म्हणाला वेडी नाही नुसती मठ्ठ आहे आणि मठ्ठपणा तर बघताक्षणी दिसतो मग मी का भरू. कोर्टाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. तिच्या डोक्यावरून एवढा वाद आणि साक्ष द्यायचा हक्क तिला नाही. मला ती केस विसरता येत नाही.

गावाकडचा_डॉक्टर: साक्ष नाही, पण तिथे एक फट होती. गुलामाने डॉक्टरला सांगितलं की छातीत कधीपासून दुखतंय, तर डॉक्टर ते कोर्टात सांगायचा, म्हणजे बोलणं त्याचं आणि तोंड गोऱ्याचं. मेला तर पोस्टमॉर्टेम करून फुप्फुसं आधीपासून खराब होती का ते बघायचे. पेशंटची हिस्ट्री मी रोज लिहितो, ती अशी बिलाच्या भांडणात वापरली जायची हे वाचून हात थांबतो.

वकिलीची_वाट: आणि घेणारा जिंकला तर त्या माणसाचं पुढे काय?

जुनी_पानं: विक्री रद्द म्हणजे पैसे इकडे आणि माणूस परत त्याच व्यापाऱ्याकडे. त्याच आजाराने मेला असेल तर नुसते पैसे.