लग्नाची जुनी कॅसेट मुलांबरोबर कशी बघावी?

रानजाई:
सासूबाईंच्या कपाटात 1991 सालची व्हीएचएस कॅसेट सापडली. नणंदेचं लग्न, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावच्या घरी, खळ्यात मांडव घालून झालेलं. ते घर पुढे पाडलं, त्यामुळे माझ्या मुलांनी (वय 7 आणि 11) पाहिलेलंच नाही. सासरे आणि आजेसासूबाई आता नाहीत, पण यात दोघं चालताबोलताना दिसतील. मुलांना हे दाखवायची फार इच्छा आहे. पण तीन तासांचं रेकॉर्डिंग ती बघणार कशी? सासूबाईंना त्रास होईल का? शिवाय टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतायत. तशीच प्लेअरमध्ये घालू का?

रीळवाला:
नका घालू! ती बुरशी आहे. प्लेअरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. टेप साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडेच द्या. त्याला बजावा की चित्र मूळ 4:3 आकारात ठेवायचं, रुंद टीव्हीसाठी ताणायचं नाही आणि वर गाणी टाकायची नाहीत. मंगलाष्टकांच्या मागून ऐकू येणारं "अगं, पाट सरकव", खरा ऐवज तोच. मूळ कॅसेटही जपून ठेवा. आणि लांबवू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, चालू यंत्रं आता कमीच होत जाणार.

माईआजी:
रानजाई, मी स्वतः आजी आहे, म्हणून आधी सासूबाईंचं. पहिल्यांदा तुम्ही दोघीच बघा. रडू आलं तर येऊ दे. मुलांसमोर काय लावायचं ते मग त्यांनाच ठरवू द्या.

आमच्याकडे सुपर 8 ची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या फिल्मची, रिळं होती. धाकटे दीर जर्मनीहून कॅमेरा घेऊन आले होते, त्यांनी 1976 मध्ये वाईला माझ्या मुलाची मुंज टिपली. एक रीळ 50 फुटांचं, साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, आणि आवाज नाही. मुलांना एका वेळी तेवढं पुष्कळ. रिमोट त्यांच्याच हातात द्या, वाटेल तिथे थांबवू द्या. माझ्या नातवंडांना मातृभोजनाचं काही नव्हतं. ती थांबली न्हाणीतल्या तांब्याच्या बंबापाशी, मग पंगतीतल्या द्रोणांपाशी. आणि मग नात म्हणाली, "आजी, ही फिकट लुगड्यातली बाई सगळीकडे पाठमोरीच का?"

त्या माझ्या चुलतसासूबाई. विशीत विधवा झालेल्या. मुंजीचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हातचा, पण मंगलकार्यात पुढे यायचं नाही, म्हणून कॅमेरा दिसला की वळायच्या. मुलांना हे सांगायचं का, असं सुनेने खुणेनं विचारलं. मी सगळं सांगितलं. नातू चिडलाच. "तेव्हा तशी रीत होती" एवढ्यावर मी थांबले नाही, ती रीत वाईट होती हेही सांगितलं. मग माझं डी.एड. चालू असताना माझ्या मुलाला त्यांनी कसं सांभाळलं, अभ्यासाला बसले की मला चुलीपाशी फिरकू कशा द्यायच्या नाहीत, ते सांगत बसले. मुलांपासून असं काही लपवू नका. त्यांना समजतं.

आणि बघताना जे बोलणं होईल ते फोनवर रेकॉर्ड करा. चित्रात कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

रानजाई:
माई, हे मला सुचलंच नसतं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आधी मागील दारचं लाव, तिथे चुलाणं मांडली होती." धाकट्याने लगेच विचारलं, वऱ्हाड कोकण रेल्वेने आलं का? पूर्ण मार्ग 1998 मध्ये सुरू झाला, त्यामुळे मुंबईहून सगळे रात्रभर एसटीने आले होते. कोण कोण होतं, ते सासूबाई आत्ताच सांगायला लागल्यात! फोन कुठे ठेवू?

माईआजी:
सासूबाईंच्या अगदी जवळ, टीव्हीपासून लांब. टीव्हीचा आवाज बारीक ठेवा. सुरुवातीला तारीख आणि खोलीत कोण कोण आहे ते मोठ्याने बोला, थोरल्यालाच बोलायला सांगा. आणि एसटीचं आत्ता चाललंय ना, ते आत्ताच रेकॉर्ड करा. कॅसेटची वाट बघू नका.