हळदीचं दूध, फ्लूची लस आणि आत्याबाईंचं कुर्र

तिखटजाळ: काल 'सह्याद्रीचा वारा' यांनी लिहिलं, "म्हाताऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस हा डॉक्टरांचा धंदा. आमचे आजोबा हळदीच्या दुधावर ९२ वर्षं जगले." तिथल्या तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा. माझे सासरे ७४ वर्षांचे, मधुमेही. साध्या सर्दीचं निमित्त झालं. पाचव्या दिवशी ओठ निळे, ऑक्सिमीटरवर ८४. नऊ दिवस आयसीयू. हळद घरात किलोभर होती.

सह्याद्रीचा वारा: वाईट झालं ताई. पण दरवर्षी का? देवीची एकदाच टोचली, दंडावरचा व्रण अजून आहे. फ्लूची घेतली त्याच संध्याकाळी ताप. लसीनेच फ्लू झाला की!

टोचणीवाला: विषाणू दरवर्षी रूप बदलतो. लसीत त्याचे कोणते स्ट्रेन, म्हणजे प्रकार, घालायचे ते जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात ठरवते. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो. एखादा दिवस अंग कसकसतं, तो फ्लू नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात साथ उसळते, त्याआधी घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देतच नाहीत. आईने गरोदरपणात घेतली तर बाळाला तिच्याकडून संरक्षण मिळतं.

चिकूची आई: बाळाचा विषय निघालाच आहे तर ऐका. बारशाला आत्याबाई नाक पुसत आल्या, कानात कुर्र करताना शिंकल्या, वर गालाचे मुके. चौथ्या दिवशी चिकूच्या फासळ्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. आरएसव्ही, म्हणजे मोठ्यांना साधी सर्दी आणि तान्ह्यांची छाती धरणारा विषाणू. दीड महिन्याचा होता हो.

तीन भाच्यांची आत्या: आत्याच वाईट! मग नाव कोण ठेवणार, डॉक्टर?

चिकूची आई: मास्क लावून ठेवा.

तीन भाच्यांची आत्या: मास्कमधून कुर्र? फारच शहाण्या!

पेठकर: २००९च्या स्वाइन फ्लूत आम्ही पुण्यात मास्क लावून आरत्या म्हटल्या. कुर्रचं काय घेऊन बसलात?

सह्याद्रीचा वारा: विषय माझा, धागा आत्यांनी पळवला! आरएसव्हीची लसच द्या ना मग बाळांना.

टोचणीवाला: दिली होती. अमेरिकेत, १९६०च्या दशकात. प्रयोग उलटला. लस घेतलेल्या मुलांनाच आजार जास्त झाला, दोन दगावली. पुढे विषाणूवरच्या प्रथिनाचा नेमका आकार कळला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये तिथे साठीपुढच्यांसाठी आणि गरोदर बायकांसाठी लस मंजूर झाली.

सह्याद्रीचा वारा: बघा! दगावली, तुम्हीच लिहिलंत!

टोचणीवाला: लपवलं असतं तर पुन्हा 'धंदा' म्हणाला असतात.

सह्याद्रीचा वारा: बरं, बरं. आईची भुणभुण आहेच, तिला टोचून आणतो. हळदीचं दूध बंद होणार नाही.

तिखटजाळ: आणि तुम्ही स्वतः?

सह्याद्रीचा वारा: मला अजून साठ व्हायला चार महिने आहेत.

तीन भाच्यांची आत्या: कुर्रचं काय ठरलं ते कुणी सांगेल का?