बांकाचा समुद्र उपसणं थांबवा, कथील खडकातून काढा

कातळवेडा:
इंडोनेशियातल्या बांका आणि बेलितुंग बेटांभोवतीचा समुद्रतळ उपसून कथील काढणं थांबलंच पाहिजे. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता, आज बुडालेल्या त्या जमिनीवरून नद्या वाहत होत्या. ग्रॅनाइट झिजून सुटलेले कॅसिटेराइटचे, म्हणजे कथिलाच्या खनिजाचे, कण त्यांच्या तळाशी बसले. आता ड्रेजर, म्हणजे तळ उपसणारी जहाजं, तीच बुडालेली पात्रं खरवडतात आणि उरलेला गाळ परत पाण्यात सोडतात. तो प्रवाळावर बसतो, पाणी गढूळ होतं, किनाऱ्यालगतच्या कोळ्यांची जाळी रिकामी येतात. कथील हवंच ना? मग खडकातल्या शिरा खोदा. निदान खड्डा एका जागी राहतो.

वाळूचाळ:
कळकळ पटली, उपाय नाही पटला. कॅसिटेराइटचा कण तळहातावर घेऊन बघा. गडद तपकिरी, जवळजवळ हिऱ्यासारखी चकाकी, आणि घनता ७च्या आसपास, गारगोटीची २.६५. पाटीत वाळू पाण्याबरोबर फिरवली की गारगोटी निघून जाते, खाली काळपट रेघ उरते. नदीनं हे काम आधीच करून ठेवलंय. खडकात मात्र तो कण दळून सोडवावा लागतो, आणि तो ठिसूळ. जरा जास्त दळला की पीठ होतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं.

शिवाय शिरांमध्ये कथिलाच्या सोबतीला आर्सेनोपायराइट असतं, आर्सेनिक, लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवापाण्यात कुजलं की आम्ल सोडणारं. नदीच्या गाळात ते केव्हाच कुजून गेलेलं असतं. कॅसिटेराइट हवापाण्याला दाद देत नाही म्हणून टिकतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, आत पाणी चढलं आणि जानेवारी १९९२ मध्ये धातूंनी भरलेलं आम्लयुक्त पाणी फाल नदीच्या खाडीत उतरलं. कुठे राहिला खड्डा एका जागी?

कातळवेडा:
व्हील जेनचं उदाहरण बिनतोड आहे, मी घाईत लिहिलं. तरी एक फरक बघा. खाणीचं पाणी पंपानं उपसून एका ठिकाणी आणता येतं, चुना घालून त्यातले धातू खाली बसवता येतात. व्हील जेनला नंतर तेच केलं गेलं. समुद्रात पसरलेला गढूळपणा कशात धरणार?

जुनागाळ:
तुम्ही दोघंही नव्या खोदकामावरच अडलाय. पेरूतल्या सान राफाएलमध्ये खाणीच्या जुन्या टाकाऊ गाळातून पुन्हा कथील काढतात. पूर्वी हाती न लागलेले बारीक कण आहेतच तिथे, खडक फोडायचा खर्च आधीच झालेला. जगातलं निम्म्याच्या आसपास कथील सोल्डरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडायच्या मिश्रधातूत, जातं. ते सर्किट बोर्डांवर थेंबाथेंबानं विखुरलेलं, गोळा करायला अवघड. गाळाचा ढीग निदान एका जागी आहे.

वाळूचाळ:
हे मला मान्य, पण ढीग संपतोच. आणि बांकाच्या जमिनीवर पंपानं वाळू धुऊन पोट भरणारी छोटी माणसं आहेत. ड्रेजरवर बंदी आली की खरेदीदार त्यांच्याच दारात येतील आणि सोडून दिलेले, पाण्यानं भरलेले खड्डे वाढतील. कातळवेडा, समुद्र वाचवताना त्या जमिनीचं काय करायचं, तेही सांगा.