हीटरचा प्लग तपकिरी झालाय पण एमसीबी पडलाच नाही, मदत हवी आहे

मंडळी, घाईत टाइप करतेय, सांभाळून घ्या. थंडी वाढल्यापासून सासूबाईंच्या खोलीत रात्रभर रूम हीटर लागतो, २००० वॅटचा. पलंगाजवळ पॉवर पॉइंट नाही, साधं छोटं सॉकेट आहे, हीटरची जाड पिन त्यात जात नाही म्हणून मध्ये कन्व्हर्टर प्लग लावलाय. परवा रात्री खोलीत मासळीसारखा वास यायला लागला, मला वाटलं खिडकीतून येतोय, खिडकी लावून झोपले. सकाळी प्लग काढायला गेले तर चटका बसला आणि तो निघेचना, हलवून हलवून काढला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि पिन काळी.

घरात सगळ्यांचं एकच, काही झालं असतं तर एमसीबी पडला असता, नवीन कन्व्हर्टर आणू आणि लावू. माझं मन घेत नाहीये. एमसीबी पडला नाही म्हणजे ठीक असतं का खरंच?

आणि अजून एक, वेगळा धागा काढत नाही. गीझर चालू असला की धाकटा म्हणतो आई, नळ चावतो. मी ओला हात लावून बघितला तर खरंच बारीक मुंग्या आल्या.

प्रतिसाद १
हीटर आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा. २००० भागिले २३० केलं की साधारण ८.७ अँपियर येतात आणि छोटं सॉकेट असतं ६ चं. त्या लाइनवर १६ चा एमसीबी असेल तर त्याच्या लेखी ८.७ म्हणजे काहीच नाही, तो कशाला पडेल? वायरमधून करंट किती जातोय एवढंच त्याला समजतं, पिन सैल बसलीय हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. सैल जोडाला रेझिस्टन्स जास्त, आणि करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते, म्हणून त्याच सॉकेटवर मोबाइल वर्षभर निवांत चार्ज होतो आणि हीटर एका रात्रीत प्लग भाजतो. मासळीचा वास म्हणजे प्लगचं नाहीतर सॉकेटचं प्लास्टिक तापलं, पुढच्या वेळी तो वास आला की खिडकी लावायची नाही, मेन पाडायचा. सॉकेटच्या आतली पत्तीही ढिली झाली असणार, नुसता कन्व्हर्टर बदलून काय होणार.

प्रतिसाद २
प्लगचं नंतर बघा हो, आधी गीझर!! मुंग्या येतात म्हणजे करंटचं लीकेज आहे आणि अर्थिंग नाहीये. इथेही एमसीबी कामाचा नाही, माणसाच्या जिवाला अँपियरचा छोटासा अंश पुरतो आणि १६ वाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच लागतो, जुन्या घरांत बहुतेक नसतोच. मेन बोर्डावरून गीझर बंद ठेवा, मुलांना त्या नळाला हात लावू देऊ नका. आणि तोवर कोणी पाण्यात टाकायचा रॉड काढलाच तर बादली प्लास्टिकची घ्या आणि प्लग उपसल्याशिवाय पाण्यात बोट बुडवू नका. स्विच करंट आणणाऱ्या फेजच्या वायरऐवजी चुकून न्यूट्रलवर लावलेला असला तर तो बंद करूनही रॉडमध्ये करंट राहतोच.

धागाकर्ती
थँक्यू दोघांनाही. वायरमन येऊन गेला. सॉकेट उघडलं तर मागच्या वायरचं प्लास्टिक कडक झालेलं, त्याने बोट लावलं तर पापडासारखं तुटलं. गीझरच्या प्लगमध्ये अर्थची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती, आत नुसती गुंडाळून ठेवलेली! इतकी वर्षं! एलिमेंटपण बदलायचंय. आरसीसीबी बसवतोय आणि सासूबाईंच्या खोलीत २.५ च्या वायरने वेगळी लाइन टाकून १६ चा पॉइंट होईल, पण त्याला चारेक दिवस लागतील. तोवर दुसऱ्या खोलीतल्या छोट्या सॉकेटवर ऑइलवाला हीटर लावला तर चालेल का? त्याची कॉइल उघडी नसते म्हणून तो सेफ असं ह्यांचं म्हणणं.

प्रतिसाद १
वॅट किती आहे त्याचे?

धागाकर्ती
बघून आले. २०००. सासूबाईंना चार दिवस आमच्या खोलीत झोपायला सांगते, तिथे पॉवर पॉइंट आहे.