इनस्क्रिप्टचा ळ गेला! कीबोर्डच्या बोर्डवरचं पॅड उखडलं, वाचेल का?

फेज_न्यूट्रल:
फोनवरून लिहितोय, कारण मेकॅनिकल कीबोर्डचं N मेलंय. मी इनस्क्रिप्टवाला (मराठी टायपिंगची मांडणी, ल आणि ळ दोन्ही N वर), त्यामुळे ल आणि ळ एका दमात गेले. 'मला कळलं' एवढंसुद्धा लिहिता येत नाही.

N एकदा दाबलं की दोनदा उमटायचं, म्हणून नवा स्विच आणला. स्विच सोल्डर केलेले आहेत, नुसते ओढून निघत नाहीत. 25 वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने एक पाय सुटला, दुसरा काही सुटेना. बराच वेळ टोक दाबून धरलं, मग वैतागून पकडीने ओढला. आला, पण पायाला चिकटून तांब्याची इवलीशी कडीही (पाय जिथे डाकतात ते पॅड) आली. नवा स्विच बसवला तर N मुका. बाकी बटणं ठीक. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचा अनुभव एका दुपारचा. बोर्ड टाकून द्यायचा का?

लामणदिवा:
टाकताय कशाला! पॅड म्हणजे नुसता थांबा, रस्ता पुढे शाबूत असतो. बटणं उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर असतात: स्विचचा एक पाय कॉलमला (उभी तार) जातो, दुसरा डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) रोला (आडवी तार). कीबोर्ड जोडून चिमट्याचं एक टोक चांगल्या पायावर आणि दुसरं N च्या डायोडच्या पायावर टेकवा. N उमटलं तर तुटलंय ते डायोडच्याच बाजूला. मग यूएसबी काढून स्विचच्या पायापासून डायोडपर्यंत बारीक वायर टाका.

जुनंखोड:
ओढलात तिथेच चुकलात. कारखान्यातलं सोल्डर बहुधा बिनशिशाचं असतं, 217 अंशांच्या पुढे वितळतं. त्यावर आपलं 60/40 (कथील-शिशाचं सोल्डर) आणि थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) घालायचा, म्हणजे मिश्रण लवकर पातळ होतं. आणि आयर्नचं टोक काळं पडलं असेल तर उष्णता पुढे जातच नाही, तासभर धरा नाहीतर दोन तास. ओल्या स्पंजवर पुसून टोकाला चकचकीत सोल्डर चढवून ठेवत जा.

फेज_न्यूट्रल:
टोक काळंच होतं. तव्यासारखं.

चिमटा टेकवल्यावर N उमटलं! जुन्या चार्जरच्या केबलमधली एक वायर सोलून जोडली, डायोडचा जवळचा पाय पकडून. ल आला. पण आता N, M आणि H एकत्र दाबलं की J आपोआप उमटतं. न दाबता र! नवीन काय करून ठेवलं मी?

लामणदिवा:
चूक माझी, कुठला पाय ते सांगितलंच नाही. चिमटा दोन्ही पायांवर चालतो, वायर मात्र एकाच पायावर हवी. तुम्ही डायोडच्या पलीकडे, थेट रोला जोडलीत. म्हणजे N पुरता डायोड बाद, आणि करंट उलटा शिरून J पर्यंत पोचतोय. यूएसबी काढा, मल्टिमीटरचा बझर लावा (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो). शेजारच्या डायोडच्या पायांशी वाजतो तो रोचा. दुसरा, कुणाशीच न वाजणारा, तो आपला.

फेज_न्यूट्रल:
जवळचा पाय रोचा निघाला, आपला लांबचा. वायर दोन मिलिमीटर कमी पडली, पुन्हा सोलत बसलो. वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी) चिकटवली. हे त्याच कीबोर्डवरून: केळफूल, कोल्हापूर, आळुवडी, खळखळाट.

जुनंखोड:
अळुवडी. तेवढं मात्र कीबोर्डवर ढकलू नका.