एसएसडी नवी, तरी मशीन उठायला दीड मिनिट

पत्रिकावाला (डिचोली)

नमस्कार मंडळी. डिचोली बाजारात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, जत्रेचे बॅनर. आता चतुर्थी तोंडावर आली म्हणून जाहिरातींसह आरत्यांच्या पुस्तिका चालू आहेत.

जुनं मशीन कुंथायला लागलं म्हणून यंदा स्वतःच नवं जुळवलं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ पट्ट्या, विंडोज ११ आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. जुन्या मशीनमधली २ टीबीची हार्डडिस्क काढून यात घातली, कारण ११ वर्षांचं काम तिच्यावर आहे. अजून लोक येतात आणि सांगतात, "थोरल्याच्या लग्नाला केलेली तश्शीच धाकट्याची कर."

दुखणं असं. बटण दाबल्यावर पडदा पाऊण मिनिट काळा. पंखे फिरतात, बाकी काही नाही. मग बोर्डाचं चित्र येतं आणि वीसेक सेकंद तसंच थिजून राहतं. त्यानंतर विंडोजचं चक्र फिरतं नि पंधरा सेकंदांत काम सुरू. एकदा चालू झालं की घोडा आहे! पण सकाळी गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन समोर उभं असतं आणि मी काळ्या पडद्याकडे बघत बसतो.

केलेले उपाय: स्टार्टअपमधले सगळे प्रोग्राम बंद. विंडोज दोनदा नव्याने घातलं. एसएसडीचा वाचायचा वेग मोजला तर सेकंदाला ३४०० एमबी, तब्येत ९९ टक्के. पार्ट घेतले तो दुकानदार म्हणतो एसएसडी डुप्लिकेट असणार. आता दुसरी घेऊ की काय?

मीठवारा (वास्को)

पात्रांव, एसएसडी घेण्याआधी रॅमच्या पट्ट्या काढून बघ. आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने सोनेरी दातांवर कीट चढतं. शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासायचं, भुगा झटकायचा, परत बसवायचं. माझी अर्धी मशीनं अशीच जिवंत झाली आहेत. आणि बोर्डावरचा बटणसेल बदल, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो कधीकधी मरतो.

सोल्डरताई (म्हापसा)

मीठवारा, सेल मेला असता तर मशीनची तारीख-वेळ मागे गेली असती. पत्रिकाबाब, प्लग काढून ठेवल्यावर सकाळी घड्याळ बरोबर दिसतं का? दिसत असेल तर सेल राहू द्या. आणि खोडरबर नव्या पट्ट्यांना नकोच. कीट दिसलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड.

आधी वेळ कुठे जाते ते बघू. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" लिहिलेलं असतं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डातलाच प्रोग्राम. बटण दाबल्यापासून बोर्ड विंडोजच्या हाती कारभार देईपर्यंतचे ते सेकंद. हा आकडा मोठा असेल तर तुम्ही विंडोज दहा वेळा घाला, काही फरक पडणार नाही. फास्ट स्टार्टअपने पण नाही, तो फक्त विंडोजचा वाटा कमी करतो.

दुसरं, केसचं झाकण काढून मशीन चालू करा. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (पडद्याचं चित्र), बूट (विंडोज सुरू करणं). काळा पडदा असताना कुठला पेटून राहतो ते कळवा.

तिसरं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये "ईएफआय सिस्टम पार्टिशन", म्हणजे बूटच्या फाइली ठेवलेला डिस्कचा छोटा भाग, कुठल्या डिस्कवर दिसतं? हे विसरू नका.

पत्रिकावाला (डिचोली)

ताई, घड्याळ एकदम बरोबर. आम्ही विजांच्या भीतीने रात्री प्लगच उपसतो, तरीही. बायोस टाइम ७१.४ सेकंद! म्हणजे विंडोजच्या नावाने उगाच शंख केला.

काळ्या पडद्याच्या वेळी डीरॅमचा पिवळा दिवा पेटून राहतो. घड्याळ लावून मोजलं, ३९ सेकंद. मग तो विझतो, व्हीजीएचा एकदा मिचकतो आणि चित्र येतं. तिसऱ्या प्रश्नाचं रात्री बघतो, आता दुकानात गर्दी.

सोल्डरताई (म्हापसा)

तो पिवळा दिवा म्हणजे मेमरी ट्रेनिंग. डीडीआर५ चा वेग एवढा आहे की बोर्डाला प्रत्येक तारेवरचे सिग्नल किती मागेपुढे घ्यायचे ते पट्ट्यांशी जुळवून बघावं लागतं. तबला-पेटी सुरात लावण्यासारखंच. पहिल्यांदा मशीन जोडतो तेव्हा यात काही मिनिटं जातात आणि लोक घाबरून प्लग काढतात. पण एकदा लागलेला सूर रोज नव्याने लावायची गरज नसते. बायोसमध्ये "मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर" नावाचं कलम शोधा. बोर्डागणिक जागा बदलते, बहुधा मेमरीच्या किंवा ओव्हरक्लॉकिंगच्या पानात. ते एनेबल करा, आणि सोबत "पॉवर डाउन एनेबल" पण चालू ठेवा.

चालू केल्यावर निळा पडदा येऊ लागला तर बंद करा आणि आधी बायोस नवं घाला. यूपीएस नसेल तर मात्र पावसाळ्यात बायोसला हात लावू नका. मधेच वीज गेली तर बोर्डच बसेल.

पत्रिकावाला (डिचोली)

कलम सापडलं. "ऑटो"वर होतं, एनेबल केलं. पिवळा दिवा आता चार-पाच सेकंदांत विझतो. बायोस टाइम ३४.८. देव बरें करूं, ताई!

पण ते थिजलेलं चित्र तसंच. म्हटलं हार्डडिस्कमुळे असेल, म्हणून मशीन बंद करून तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल काढली. आता विंडोज येतच नाही. पडद्यावर इंग्रजीत "बूट करण्याजोगं काही नाही" अशा अर्थाचं वाक्य. एसएसडी बायोसमध्ये दिसते आहे. सकाळी पुस्तिकेची फाइल छापखान्यात जायची आहे, ती एसएसडीवर आहे. माझे हातपाय गार पडलेत.

सोल्डरताई (म्हापसा)

शांत व्हा. काही गेलेलं नाही. मशीन बंद करा, केबल परत लावा, चालू करा. येईल.

म्हणूनच तिसरा प्रश्न विचारला होता. जुन्या डिस्कवर पूर्वीचं विंडोज होतं, म्हणजे तिच्यावर आधीच ईएफआय पार्टिशन असणार. नवं विंडोज घालताना ती जोडलेली असली की इन्स्टॉलर स्वतंत्र पार्टिशन न करता बूटची फाइल तिथेच टाकतो. तुम्ही दोनदा घातलं, दोन्ही वेळा ती जोडलेलीच असणार. म्हणजे रोज सकाळी तुमची नवीकोरी एसएसडी किल्ली मागायला म्हाताऱ्या डिस्कच्या दारात उभी.

पुस्तिका छापायला गेल्यावरच पुढचं करा. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ३०० एमबीने लहान करा. डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्कचे भाग करायचं साधन) एसएसडी निवडून त्या मोकळ्या जागेत ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एखादं अक्षर द्या, समजा एस. मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटच्या फाइली टाकणारी कमांड बीसीडीबूट, पुढे सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, पुढे स्लॅश एस आणि ते अक्षर कोलनसह, शेवटी स्लॅश एफ आणि यूईएफआय. मशीन बंद, हार्डडिस्क काढा, चालू करा.

हळूच_हो (फोंडा)

ताईंचं सगळं बरोबर, एकच जोडतो. डिस्कपार्टमध्ये डिस्क नंबर तीनदा वाचा, आकार टीबीत बघून खात्री करा. मी एकदा ० आणि १ मध्ये गफलत करून "क्लीन", म्हणजे अख्खी डिस्क पुसायची कमांड, मारलं. मुलीच्या बारशाचे फोटो आता फक्त मामाच्या मोबाइलवर आहेत.

आणि एक शंका. धडधाकट हार्डडिस्क बोर्डाला वीस सेकंद ताटकळत ठेवत नाही. तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितलीत का? तुम्ही तब्येत एसएसडीचीच तपासलेली दिसते.

पत्रिकावाला (डिचोली)

काल दुपारी पुस्तिका छापायला दिली आणि रात्री जेवण झाल्यावर बसलो. डिस्कपार्टचा नंबर तीनदा नाही, पाचदा वाचला. एंटर मारताना बायकोला बाजूला उभी केली होती, का ते विचारू नका.

हार्डडिस्क काढून चालू केलं. बायोस टाइम १३.६. बटणापासून फाइल उघडेपर्यंत अर्धं मिनिटही नाही. एसएसडी आहे तीच, दुकानदाराला अजून कळवलेलं नाही.

हळूचबाब, तुमची शंका खरी निघाली. जुन्या डिस्कच्या नावापुढे पिवळं "कॉशन", पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) २४. बाहेरच्या केसमध्ये घालून यूएसबीने जोडली आहे आणि कालपासून कॉपी चाललीय. पत्रिकांचे २०१६ पर्यंतचे फोल्डर सुखरूप आले. २०१७ च्या मे महिन्यावर अडकली आहे. कान लावला की टक्, टक्, मग थोडा वेळ गप्प, मग परत टक्. लग्नसराईचाच महिना! तो सोडून पुढचं आधी काढून घेऊ, की तशीच रेटू?

सोल्डरताई (म्हापसा)

रेटू नका. तो महिना सोडा, बाकी सगळं आधी उतरवा, मे सगळ्यात शेवटी. आणि ती डिस्क आज बंद करू नका, टक् टक् करणारी परत उठेलच असं नाही.