शब्दचर्चा : ‘राज्य येणे’ – प्रार्थनेतलं आणि लपाछपीतलं

वसईची आत्या :
रविवारपासून आमचा आगमनकाळ सुरू झाला. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा काळ. वसईच्या मराठी चर्चमध्ये त्याला आगमनकाळच म्हणतात. मिस्साहून (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेहून) आल्यावर सहा वर्षांच्या भाच्याने लपाछपी मांडली. कुणी शोधायचं ते ठरवायला चकलो, आणि राज्य आलं माझ्यावर. पन्नाशीच्या बाईने केळीच्या बागेत वाकून वाकून पोरं शोधायची म्हणजे काय ते मला विचारा. बावखलाकडे (वाडीतल्या तळ्याकडे) लपायचं नाही एवढा एकच नियम, तोही कुणी पाळला नाही.

संध्याकाळी जपमाळेला बसलो. टेबलावर हिरव्या पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, पैकी पहिल्या रविवारची एकच पेटलेली. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं ‘तुझे राज्य येवो’ म्हटलं आणि भाचा मध्येच थांबला.

“आत्या, म्हणजे देवावर राज्य?”

आईला हसू आवरेना. मग डोळे मिटूनच म्हणाली, “हो, त्याच्यावरच. आता पुढचं म्हण.”

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. मराठी मुलांच्या खेळात ज्याला राज्य मिळतं त्याला काहीच मिळत नाही. तो एकटा पडतो, डोळे झाकून आकडे मोजतो आणि मग दमेपर्यंत इतरांना शोधतो. अशा माणसाच्या वाट्याला आपण ‘राज्य’ हा शब्द का दिला असेल? जाणकारांनी सांगावं.

क्रियापदवाला :
ताई, मला नामापेक्षा क्रियापदात गंमत दिसते. राजा राज्य *करतो*. खेळात कुणी राज्य करत नाही. तिथे राज्य *येतं*, आणि तेही माणसा*वर*, संकट किंवा जबाबदारी यावी तसं. आणखी एक गंमत पाहा. ‘मी राज्य घेतो’ आणि ‘मी राज्य देतो’ या दोन्हींचा अर्थ एकच, शोधायची पाळी माझी. घेणं आणि देणं एकाच अर्थाला येऊन मिळालेली अशी उदाहरणं मला पटकन आठवत नाहीत. ‘तासभर राज्य देतोय, एक सापडेना’ हे वाक्य मी लहानपणी किती वेळा रडत म्हटलंय!

तुमच्या प्रार्थनेतही ‘येवो’च आहे, ‘कर’ नाही.

नागपूरकर :
आमच्याकडे ‘डाव’. तुझ्यावर डाव, डाव दे. त्यामुळे तुमच्या भाच्याचा प्रश्न विदर्भात पडलाच नसता :)

जुना मास्तर :
त्या प्रार्थनेच्या मूळ ग्रीकमध्ये ‘राज्य’च्या जागी ‘बासिलेइया’ हा शब्द आहे. त्याचा रोख मुलखापेक्षा राजेपणावर, राजाने राजा असण्यावर जास्त आहे. मराठी ‘राज्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो, कारण महाराष्ट्रही राज्यच. खेळातल्या राज्याला मात्र हद्द नसते, ते एका माणसापुरतं असतं. त्या बाबतीत पोरांचा शब्द मूळ अर्थाच्या जवळ जातो असं माझं मत.

बायबलच्या यशया ९:६ मधलं वाक्यही पाहा : ‘त्याच्या खांद्यावर सत्ता राहील’. डोक्यावर नव्हे, हातात नव्हे, खांद्यावर. खांद्यावर आपण ओझं घेतो, नाहीतर दमलेलं मूल.

खोडसाळ :
‘आगमन’ म्हटलं की मला लालबाग-परळच्या गल्ल्या आणि ‘आगमन सोहळा’चे फ्लेक्सच दिसतात. तुमच्यात पाट कुठे मांडता?

वसईची आत्या :
@खोडसाळ, गोठ्यात. गव्हाणीत पेंढा घालून. पाट मिळाला असता तर बरंच झालं असतं.

@क्रियापदवाला, @जुना मास्तर, मनापासून आभार. ‘वर’ आणि ‘खांदा’ हे दोन्ही मी आजवर नुसते म्हणत आले, ऐकले नव्हते. आगमनकाळात आम्हाला सांगतात की जागे राहा, वाट पाहा. मी ते नेहमी असं समजत आले की आपण शोधणारे आणि देव लपलेला. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात झाडांआड लपतात ते आदाम आणि हव्वा, आणि ‘तू कोठे आहेस?’ ही हाक देवाची. शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर नव्याण्णव सोडून निघणाराही तोच. म्हणजे राज्य पहिल्यापासून त्याच्यावर होतं आणि आपण बावखलाकडे. भाच्याचा प्रश्न चुकीचा नव्हताच.

आमच्याकडे आगमनकाळाच्या आदल्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. पोप अकराव्या पायसने तो 1925 मध्ये सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी यायचा. 1969 मध्ये उपासनावर्षाच्या, म्हणजे चर्चच्या वर्षाच्या, शेवटच्या रविवारी आणला. एका रविवारी राजा, पुढच्या रविवारी ‘तो येतोय’. हा क्रम मला इतकी वर्षं उलटा वाटायचा. या रविवारी वाटला नाही.

दहावीस :
आकडे मोजण्यावरून आठवलं. चार मेणबत्त्यांच्या त्या कड्याचा उगमही पोरांच्या घाईत आहे असं सांगतात. 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या अनाथ मुलांच्या आश्रमात पास्टर विशर्न यांनी गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या. आठवड्याच्या दिवसांना वीस लहान तांबड्या, रविवारांना चार मोठ्या पांढऱ्या. मुलं रोज ‘नाताळ कधी’ म्हणून जीव खायची, त्यावरचा हा उपाय.

आम्ही मोजताना दहा-वीस-तीस करत शंभर गाठायचो, आणि लपणारे ओरडायचे, ‘चीटिंग! एक-दोन-तीन मोज!’ 2023 साली कॅलेंडरनेही तीच लबाडी केली. चौथा रविवार नेमका 24 डिसेंबरला आला, म्हणजे सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळची मिस्सा. आगमनकाळ 22 दिवसांत आटपला. जास्तीत जास्त तो 28 दिवसांचा होतो.

क्रियापदवाला :
आणि ‘येऊ का?’ राहिलंच की! आकडे संपले की राज्यवाला विचारतो, ‘येऊ का?’ कोपऱ्यातून कुणीतरी बारीक आवाजात ‘ये’ म्हणतं, आणि तिथेच सापडतं. न राहवून ओरडणारा एक तरी असतोच.

जुना मास्तर :
‘मारानाथा’! पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींची ही आरामाईक भाषेतली हाक आहे. ‘मारान आथा’ असं तोडलं तर ‘आमचा प्रभू आला आहे’, आणि ‘माराना था’ असं तोडलं तर ‘आमच्या प्रभू, ये’. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे दोन्ही वाचनं शक्य आहेत. बायबलच्या शेवटच्या पानावर ‘ये, प्रभू येशू’ आहे, त्यामुळे बरेचजण दुसऱ्याकडे झुकतात. (मराठी कानाला त्यात ‘नाथा’ ऐकू येतं. तो निव्वळ योगायोग, व्युत्पत्ती काढत बसू नका.)

नागपूरकर :
सगळं ठीक आहे, पण धप्पा? न सापडलेला मागून येऊन शोधणाऱ्याच्या पाठीत धप्पा घालतो आणि राज्य पुन्हा शोधणाऱ्यावरच. तो कुठे बसवणार?

वसईची आत्या :
बायबलमधलं लूक २२:६४ वाचा. शिपाई येशूचे डोळे बांधतात, मारतात आणि विचारतात, ‘ओळख, तुला कोणी मारलं?’ पण तो ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा विषय, तेव्हा वेगळा धागा काढू. इथे भाचा पायरीवर उभा राहून ‘आत्या, तुझं राज्य’ म्हणून ओरडतोय.